कठड्यापाशी क्लाइव्ह

म्यूरियल ट्रँटरने नवऱ्याच्या कोटाची पाठ मुठीत घट्ट धरून ठेवली होती. मैफलीच्या हॉलमध्ये एकटा सेलो वाजत होता, इतका हलका की मागे कुणी खोकलं तरी माना वळत होत्या. आणि क्लाइव्हच्या घशात सूर घरघरायला लागला होता.

"आता गाऊ का गं?"

"अजून नाही. गप्प राहा."

दोघांची ओळख याच हॉलबाहेर, उभं राहून ऐकायच्या तिकिटांच्या रांगेत झालेली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे उकडायची, तो लंडनची बस चालवायचा. उन्हाळ्याची रजा त्यांनी कधी समुद्रावर घालवली नाही. रांगेत थर्मासमधला चहा प्यायचा, चीजचं सँडविच खायचं आणि प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवाच्या मैफलींना वादकांसमोरच्या कठड्याला छाती टेकून उभं राहायचं. शेवटच्या मैफलीत देशाची गाणी आली की क्लाइव्हचा आवाज वरच्या गॅलरीपर्यंत जायचा.

अलीकडे त्याला वेळकाळ समजेनासा झाला होता. याच आठवड्यात एका मैफलीत तो भर शांततेत त्या गाण्यांतलं कूच-गीत गायला लागला. दारावरचा माणूस म्हणाला होता, "आजी, पुन्हा असं झालं तर यांना बाहेर न्यावं लागेल." पुढच्या उन्हाळ्यात क्लाइव्ह इथे येण्याजोगा राहणार नाही, हे तिला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. आज शेवटची मैफल होती; आजची गाणी तरी त्याला मिळायला हवी होती.

"घरी टीव्ही लावून दिला असतास," दरवर्षी कठड्याला त्यांच्या शेजारी उभी राहणारी बेरिल मैफलीआधी म्हणाली होती.

"तू गेल्या वर्षी उभ्या उभ्या घोरलीस, तेव्हा मी तुला घरी पाठवलं का गं?"

क्लाइव्हने तोंड उघडलं. म्यूरियलने पेपरमिंटची गोळी आत सारली. कागदाचा चुरचुराट नको म्हणून तिने ती घरीच सोलून आणली होती. सेलो संपेपर्यंत तो चोखत राहिला.

मध्यंतरानंतर कूच-गीत सुरू झालं. सगळा हॉल रिवाजाप्रमाणे तालावर गुडघ्यांत वाकत, उठत गाऊ लागला. झेंड्यांची गर्दी उसळली. क्लाइव्ह मात्र गोठला. एक झेंडा त्याच्या गालावर फटकन बसला.

"हे का ओरडतायत? कोण पडलं?" तो तिला ओढू लागला. मागे मुंगी शिरायला जागा नव्हती. दारावरचा माणूस वाट काढत येऊ लागला.

गाणं संपलं. कूच-गीत दुसऱ्यांदा वाजवायची इथली रीत. वाद्यवृंदाच्या संचालकाने पुन्हा हात उचलला.

"झेंडे खाली करा!" म्यूरियल किंचाळली.

"आज? झेंडे खाली?" बेरिलने डोळे वटारले. मग क्लाइव्हच्या चेहऱ्याकडे बघून तिने आपला झेंडा काठीला गुंडाळला आणि शेजारच्याचा खाली ओढला.

"देशाचा मान ठेवा जरा," मागचा टोपीवाला गुरगुरला.

"देश राहील शाबूत. ती टोपीही काढ, तुझ्या मागच्यांना दिसत नाहीये," बेरिल म्हणाली.

कठड्याशी थोडीशी जागा मोकळी झाली. सूर पुन्हा चढला. क्लाइव्ह ओढायचा थांबला. गायला मात्र नाही. व्हायोलिनवाल्यांचे हात एकदम वर जाताना, एकदम खाली येताना पाहत राहिला. म्यूरियलही गायली नाही. तिचं सगळं लक्ष त्याच्या ओठांवर होतं.

दारावरचा माणूस जवळ येऊन थांबला. खुणेनेच त्याने विचारलं, नेऊ का?

म्यूरियलने नकारार्थी मान हलवली आणि नवऱ्याच्या आणखी जवळ सरकली.