चौकशीला आलेला माणूस

माझ्या मुलानं ढोके सरांच्या थोबाडीत मारली तेव्हा मी चार पावलांवर उभी होते. अकोल्याचं मैदान, सकाळचे आठ वाजलेले, तीस-चाळीस पोरं बूट घालून रांगेत. सरांचा चष्मा खाली पडला. तो न उचलता ते म्हणाले, "पव्या, मी नाही सांगितलं रे."

प्रवीण म्हणाला, "मंग कोणं सांगितलं? माह्या मायनं?"

बाजूला उभे असलेले दोघे-तिघे हसले. मी वाकले, चष्मा उचलला, पदरानं पुसला आणि सरांच्या हातात दिला. तेवढंच केलं.

मायनंच सांगितलं होतं.

हे मी आजवर कोणाला बोलले नाही. बारा वर्षं झाली. नवरा असता तर त्यालाही सांगितलं नसतं. मी चौथी शिकले आहे, अक्षर वाकडं आहे, पण वाचता येईल एवढं आहे. म्हणून लिहिते. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरं आहे.

मी संशयी बाई आहे. बचाव म्हणून सांगत नाही — ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. भातकुलीजवळ आमची फुलांची वाडी, शेवंती आणि झेंडू. अमरावतीच्या बाजारात चाळीस वर्षं बसले. जो ग्राहक फुलांची तारीफ करतो तो भाव पाडणार, आणि जो फार गोड बोलतो तो उद्या दुसरीकडे जाणार, हे मला लवकर कळलं. मग माणूस कोणताही असो, आधी त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे ते मी बघते.

प्रवीण बारा वर्षांचा असताना ढोके सर घरी आले. अकोल्याच्या एका शाळेत ते खेळाचे मास्तर होते. आमच्या गावात फुटबॉलचे सामने घ्यायला आले होते, त्यात त्यांनी प्रवीणला पाहिलं. म्हणाले, "बाई, हा पोरगा मले द्या. शाळेतच राहीन, जेवीन, शिकीन. मी याले खेळवतो." यांना काय मिळणार? मी दोन महिने अकोल्यात माणसं पाठवून विचारपूस केली. काहीच वावगं निघालं नाही. त्यानं तर मला जास्तच घोर लागला. पण पोरगा जेवेना, तेव्हा धाडला.

फॉरवर्ड म्हणजे काय, ते मला सरांनीच सांगितलं. बाकीचे मैदानभर राबतात, हा पुढे उभा राहतो, आणि गोल झाला नाही की शिव्या यालाच. मी म्हटलं, असलं काम माझ्या पोराला काहून देता? सर म्हणाले, "ज्याले भूक असते ना बाई, त्यालेच द्या लागते." मला तो माणूस आवडला होता. हे मी तेव्हाही कबूल केलं नाही.

अठराव्या वर्षी प्रवीण गोव्याच्या संघात गेला. तिथून मालदीव, मग बांगलादेश, मग मलेशिया. फोनवर तो गोल सांगायचा आणि मी विचारायची, जेवण कोण करते, पाणी कुठलं पितोस, खोलीत दुसरा कोण आहे. मालदीवला चारी बाजूंनी समुद्र, म्हणजे पळून येता येणार नाही, हे मी आधी पाहिलं. ढाक्याहून त्यानं फोटो पाठवला, लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचत होते. मी त्या लोकांचेच चेहरे बघत बसले — यातला कोण याला खाली टाकेल? तो चिडायचा. म्हणायचा, "आई, माह्यं काही चांगलं झालं तं तुले त्रास होते का?"

होत नव्हता. पण विश्वासही बसत नव्हता.

मग मलेशियाहून एक दिवस फोन आला. पोर्तुगालचा एक संघ त्याला घ्यायचं म्हणतो आहे. दोन वर्षांचा करार. आपल्याकडचं कोणी तिथं सहसा जात नाही, तिकडे एकदा खेळलं की माणूस वेगळा होतो, असं काय काय सांगत होता. शेवटी म्हणाला, "सही होईस्तोवर कोणाले सांगू नको. फक्त तुले आन् अश्विनीले माईत आहे."

अश्विनी ही चांदूर रेल्वेची मुलगी. दवाखान्यात नर्स. दोघांचं आपसात ठरलं होतं, आणि मला ती नको होती. माझ्या भावजयीच्या बहिणीची मुलगी मी मनात धरून ठेवली होती. या अश्विनीला माझा पोरगा नको, परदेश पाहिजे, असं माझं पक्कं झालं होतं. ती नमस्कार करताना माझ्या डोळ्यांत बघायची. एवढ्यावरून पक्कं झालं होतं, आता लिहिताना दुसरं कारण आठवत नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. सोयरीक जुळवायची म्हटलं की आधी गुपचूप चौकशी होते. येणारा कधी खरं सांगत नाही. माझ्या नणंदेच्या वेळी एक जण गुरांचं औषध विकायला म्हणून आला आणि घरात कोण खोकतं ते पाहून गेला. मी स्वतः भावासाठी मुलगी पाहताना सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या टोपलीत घेऊन तिच्या शेजारणीकडे दोन तास बसले होते. आणि सोयरीक मोडायची असेल तर हीच वेळ असते. भांडायची गरज पडत नाही. आलेल्या माणसाला दोन गोष्टी सांगायच्या — पोरगा आजारी आहे, वय लपवलं आहे — आणि चहा पाजून वाटेला लावायचा. मी हे दुसऱ्यांच्या बाबतीत दोनदा केलेलं आहे. तेही लिहूनच ठेवते.

कार्तिकात एक माणूस आला. दुपार होती, मी अंगणात शेवंतीचे हार ओवत होते. स्वच्छ बूट, हातात फाइल, नागपूरचा. त्यानं इंग्रजीतलं कार्ड दिलं आणि म्हणाला, "प्रवीणला पोर्तुगालचा क्लब घेत आहे. त्याच्या आधी वय, दुखापती, सगळं पाहा लागते. म्हणून आलो."

त्यानं पहिल्या वाक्यात खरं सांगितलं. मी मनात म्हटलं, हुशार आहे. पोर्तुगालचं तर फक्त दोघींना माहीत — मी आणि ती. मी कोणाला सांगितलं नव्हतं. मग याला कोणी पाठवलं? झालं. हा अश्विनीच्या घरचा, क्लबचं नाव सांगून सोयरिकीच्या चौकशीला आलेला. मला सगळा डाव दिसला, आणि तो पाहून मला आनंद झाला. हो, आनंद. इतक्या वर्षांत मी कशालाच एवढ्या खात्रीनं हसले नव्हते.

क्लब आहे तर त्या लोकांनाही माहीत असणार, हे माझ्या डोक्यात का आलं नाही? आलं असेल. मी ते बाजूला सारलं असेल. संशय घेणारा माणूस सगळ्यांवर घेतो, स्वतःवर तेवढा घेत नाही.

मी त्याला खाटेवर बसवलं. चहा टाकला. आणि रडक्या आवाजात — मला तो आवाज काढता येतो — म्हटलं, "तुमी भले दिसता, तुमाच्यापाशी खोटं काहून बोलू? त्याचे दोन्ही गुडघे गेले आहेत. घरी आला की मी तेल लावून देतो. आन् कागदावर पंचवीस आहे, खरं एकोणतीस."

त्यानं विचारलं, दाखला तर शाळेचा आहे ना?

खोट्याला आधार लागतो. मी म्हटलं, "दाखला ढोके सरांनी करून देला. त्यायले पोरं खेळवाचे असतात."

तो माणूस लिहून घेत होता. सरांचं नाव त्यानं मला पुन्हा विचारलं आणि मी ते पुन्हा सांगितलं. सावकाश, त्याला नीट लिहिता यावं म्हणून.

पुढचं मला मागाहून कळलं. तो अकोल्याच्या शाळेत गेला आणि रजिस्टर काढायला लावलं. प्रवीणची जन्मतारीख एक जून. त्याच्या वरच्या मुलाची एक जून, खालच्याचीही एक जून. आमच्याकडे घरी जन्मलेल्या पोराची तारीख कोणाला माहीत असते? गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांना एक जून लावून मोकळे व्हायचे. प्रवीण खरा कार्तिकातला, पण साल बरोबर होतं. एक दिवसही त्याचं वय लपवलेलं नव्हतं. नागपूरच्या माणसाला हे कोण सांगणार? त्याला पानभर एक जून दिसले आणि माझे शब्द आठवले.

तीन आठवड्यांनी करार गेला. मलेशियावाल्यांनी त्याच्या जागी दुसरा घेतला होता, तेही दार बंद. प्रवीण घरी आला आणि सांगू लागला की त्यांचा माणूस आपल्या भागात येऊन गेला, कोणीतरी त्याला वय खोटं म्हणून सांगितलं, सरांचं नावही त्यात आहे. तो बोलत होता आणि मला ते स्वच्छ बूट दिसत होते. मग त्यानं विचारलं, "आई, आपल्या घरी कोणी आलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

एका शब्दात काम झालं. मागे वळायचं असतं तर तिथं वळता आलं असतं. तो ओरडला असता, घर सोडून गेला असता, वर्षभर बोलला नसता. पण त्या नागपूरवाल्याला गाठून, मी खोटं बोलले असं त्याच्यापुढे सांगून काही हाती लागलं असतं का? लागलं असतं, असं मला वाटतं. तेव्हाही वाटलं होतं. मी भिले. पोराचा खेळ जाईल यापेक्षा पोराचं तोंड माझ्यापासून फिरेल, याला भिले.

त्याच्या वर्षभर आधी अकोल्यात त्याचा सत्कार झाला होता. भाषणात तो सरांचं नाव घ्यायला विसरला, आणि सर कोणाजवळ तरी म्हणाले होते, मोठा झाला आता. ते त्याच्या कानावर आलं होतं. आता त्यानं दोन आणि दोन जोडले: सरांनीच राग धरून सांगितलं. संशय घ्यायला त्याला कोणी शिकवलं, ते सांगायला नको. तो अकोल्याला निघाला तेव्हा मीही बसमध्ये बसले. त्याला आवरायला नाही गेले. सरांना किती माहीत आहे, ते बघायला गेले.

त्यांना काही माहीत नव्हतं. बाकी तुम्ही सुरुवातीला वाचलंच.

मैदानावरची गोष्ट गावात फिरली. ढोके सर खोटे दाखले करतात, असं लोक म्हणू लागले. त्यांच्या शाळेच्या संघाला पुढच्या स्पर्धेत घेतलं नाही. मुलांचे बाप येऊन भांडले. शाळेनं त्यांच्याकडून मैदान काढून घेतलं आणि वाचनालयात पुस्तकांवर कागद चिकटवायला बसवलं. प्रवीण नेपाळला एक हंगाम खेळला, मग म्यानमारला, मग पुन्हा गोव्यात खालच्या संघात, आणि बत्तिसाव्या वर्षी थांबला. त्याचं लग्न अश्विनीशीच झालं. मांडवात मी तिच्या मामाला सहज विचारावं तसं विचारलं, तुमच्याकडून चौकशीला कोण आलं होतं? तो हसला. "आमी कोणाले पाठोतो बाप्पा? आमच्या पोरीनं तर आमाले विचारलंच नाही."

इथवर सांगायला मला इतकं जड गेलं नसतं. खोटं बोलले, लपवलं, बायका-माणसं करतात. जे खरं अडकलं आहे ते पुढे आहे.

मैदानावरच्या गोष्टीला वर्ष उलटून गेलं होतं. सर आमच्या वाडीत आले. उन्हाळा होता. प्रवीण नेपाळला होता, हे पाहूनच आले असावेत. मला वाटलं, आलं — याला कळलं. मी हातातली सुई घट्ट धरून बसले. सरांनी पाणी घेतलं, टोपी गुडघ्यावर ठेवली, आणि बोलले.

"बाई, मले एक विचाराचं होतं. मी लय आठवून पाह्यलं. माह्या तोंडून काही गेलं असन का? चहाच्या टपरीवर मी पोरांच्या एक जूनवरून हसत असतो. तसं कोणापाशी बोललो असन, आन् त्यानं धरून ठेवलं असन. मले आठवत नाही. पण माह्या बोलण्यानंच पोराचं गेलं असन तं..."



मी आधी काय पाहिलं, सांगू? हा मला पकडायला तर बोलत नाही ना, ते पाहिलं. त्यांचा चेहरा नीट निरखला. त्यात काही नव्हतं. तो माणूस खरंच विचारत होता. पोरानं मारलं ते त्यानं मनाला लावून घेतलं नव्हतं. आपल्याकडून चूक झाली की काय, एवढंच तो वर्षभर शोधत बसला होता. आणि उत्तर द्यायला त्याच्यापुढे मी होते.

मी म्हटलं, "असन बोलले, सर."

त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मंग बरोबर आहे." टोपी घातली. जाताना म्हणाले, "पव्याले सांगजा, माह्याकडून चुकलं." मी ते प्रवीणला सांगितलं. तेही सांगितलं.

ढोके सर अकोल्यात आहेत. आता त्यांचं वय अडुसष्ट आहे. वाचनालयातूनच ते निवृत्त झाले. त्यांची बायको अमरावतीला आली की फुलांसाठी माझ्याकडे येते, तिच्याकडून कळतं. टपरीवर त्यांनी त्या वर्षापासून चहा घेतलेला नाही. चारचौघांत बोलत नाहीत. आपल्या तोंडानं एका पोराचं आयुष्य गेलं, असं ते समजतात. त्यांनी कोणालाही काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं होतं मी, प्रवीणच्या आईनं, आणि ही बारा वर्षं काढली ढोके सरांनी.