रोज एक तक्रार

मला भांडता येतं, आणि हे मी अभिमानाने सांगते. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत पाण्याचा टँकर आला नाही, लिफ्ट अडकली, कुणी कुणाच्या जागेत गाडी लावली, की लोक सेक्रेटरीच्या आधी मला गाठतात. माझ्या सासूबाई नेमक्या माझ्या उलट. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून मी ‘दुखतंय’ हा शब्द ऐकला नव्हता. खिडकीत बोट चेंगरलं तरी ‘काही नाही गो’ म्हणत ते पदरात गुंडाळून पोळ्या लाटायला उभी राहणारी बाई. मूळच्या रत्नागिरीकडच्या, त्यामुळे तो ‘गो’ अजून सुटलेला नाही. त्यांच्या सोशिकपणाचं सगळ्या नातलगांत कोण कौतुक! ‘शिकावं जरा सासूबाईंकडून,’ हे मला इतक्यांदा ऐकवलं गेलंय की आता मी ते मनावरही घेत नाही.

त्या सोशिकपणानेच घात केला. त्यांच्या डाव्या स्तनात गाठ होती. ती हाताला लागली तेव्हा माझ्या मुलीची दहावी तोंडावर आली होती, म्हणून म्हणे त्या गप्प राहिल्या. मग निकाल लागेपर्यंत गप्प, मग अकरावीचा प्रवेश होईपर्यंत गप्प. गणपतीत वरच्या फळीवरचं मोदकपात्र काढायला त्यांनी हात वर केला आणि चेहरा आवळला, तो मी पाहिला. खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बाहेर आलं. मी त्यांच्यावर ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं, पण त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की रडू येण्याआधी ओरडणंच आलं.

ऑपरेशन झालं. काखेतल्याही काही गाठी काढल्या. मग केमो सुरू करायचं ठरलं. डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावलं. दिसत होतं तेवढं ऑपरेशनने काढलं, पण एखादी पेशी रक्तातून कुठे जाऊन बसली असेल तर तिच्या मागे औषधच पाठवायला हवं, आणि ते रक्तातूनच पाठवायचं. हे औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतं. त्यात कॅन्सरच्या पेशी सापडतात, तशा केसांच्या मुळाशी असलेल्या, तोंडातल्या आणि रक्त तयार करणाऱ्याही सापडतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी उतरतात. दोन फेऱ्यांच्या मध्ये तीन आठवडे ठेवायचे, तेवढ्यात चांगल्या पेशी सावरतात. त्या दिवसांत ताप आला तर घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, सरळ फोन करायचा.

छातीत कातडीखाली पोर्ट नावाची एक छोटी डबी बसवली की दर वेळी शीर शोधावी लागत नाही, हेही ते म्हणाले होते. सासूबाईंनी मान हलवली. ‘आणखी कापाकापी नको. हाताला शिरा आहेत की.’ पण काखेतल्या गाठी काढल्यामुळे डाव्या हाताला सुई लावायची नव्हती. राहिला एकटा उजवा. स्वयंपाकाचा, देवपूजेचा, नातीची वेणी घालायचा हात तोच.

माणकोलीचा पूल झाल्यापासून डोंबिवलीहून ठाण्याला जाणं सोपं झालंय. वाचलेला सगळा वेळ मग घोडबंदर रोडवर द्यावा लागतो. हॉस्पिटल तिथेच. गाडी मी चालवायचे, सासूबाई शेजारी बसायच्या, आणि कुणी आडवं घुसलं की मी काच खाली करू नये म्हणून माझ्या गुडघ्यावर हात ठेवायच्या.

केमोच्या डे-केअरमधली सिस्टर कळव्याची होती. आवाज खणखणीत. मला पहिल्या भेटीतच आवडली. आधी तिने सलाइन लावलं, त्यातून उलटी थांबवायची औषधं दिली. मग ते लाल औषध आलं. सरबतासारखा रंग, मोठ्या सिरिंजमध्ये भरलेलं. ते ती स्वतः शेजारी बसून हळूहळू ढकलणार होती.

‘आजी, नीट ऐका,’ ती म्हणाली. ‘हे शिरेच्या आत आहे तोवर औषध. शिरेबाहेर झिरपलं तर आतलं मांस जाळतं. मोठी जखम होते, भरता भरत नाही. मी बघतेच आहे, मधे मधे रक्त मागे येतंय का तेही तपासणार. पण आत काय होतंय ते आधी तुम्हाला कळणार, मला नंतर. जळजळलं, टोचलं, नुसतं वेगळं वाटलं तरी लगेच बोलायचं. काय?’

‘हो,’ सासूबाई म्हणाल्या.

सिस्टर विचारत राहिली, त्या ‘बरं आहे’ म्हणत राहिल्या. मी मात्र त्यांच्या पायांकडे बघत होते. चादरीतून बाहेर आलेली पायाची बोटं घट्ट आवळलेली होती. औषध संपलं, सिस्टरने हात निरखून पाहिला, तर शिरेच्या कडेने लाल रेघ उठलेली.

‘आजी, जळजळत होतं?’

‘थोडं. म्हटलं, जळजळतंय म्हणजे लागू पडतंय.’

सिस्टरने कपाळाला हात लावला. शीर नुसती चिडली होती, औषध बाहेर गेलं नव्हतं. ‘या वेळी निभावलं,’ ती म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळली. ‘ताई, यांना बोलायला शिकवा. नाहीतर हा हात जाईल.’

आमच्याकडे औषध झोंबलंच पाहिजे अशी समजूत आहे. लहानपणी खरचटल्यावर आयोडीन लावून मोठी माणसं म्हणायची, झोंबतंय ना, मग बरं होणार. त्या समजुतीवर आयुष्य काढलेल्या बाईला तीन आठवड्यांत तक्रारखोर करायचं होतं. म्हटलं, या कामाला माझ्याइतकी लायक बाई डोंबिवलीत दुसरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी नियम जाहीर केला. ‘आई, रोज एक तक्रार. ती केल्याशिवाय मी ऑफिसला जाणार नाही.’

‘कसली तक्रार?’

‘कसलीही.’

त्यांनी बराच विचार केला. ‘ऊन फार आहे हो आज.’

‘ऊन माझ्या अखत्यारीत नाही. घरातली सांगा.’

‘घरात काय, सगळं छान आहे.’

मी पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले. पाच मिनिटं आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. नवरा पेपरमागे लपला.

‘चहा,’ त्या शेवटी म्हणाल्या.

‘चहाचं काय?’

‘गुळचट करतेस तू.’

‘आज?’

‘पहिल्यापासून.’

मला राग आला. खरंच आला. इतकी वर्षं माझ्या हातचा चहा पिऊन ‘छान झालाय’ म्हणणारी बाई! पण नियम माझाच होता. मी ‘शाबास’ म्हटलं आणि तणतणत ऑफिसला गेले.

पुढे बांध फुटला. पंखा अंगावर येतो. साबुदाणा तू नीट भिजवत नाहीस. फोनवर बोलतेस की गच्चीवरून हाका मारतेस? मुलीला माझ्या खोलीत अभ्यासाला बसवता ते बरं, पण माझी मालिका बंद पडते त्याचं काय? तोंड आलं होतं त्या दिवसांत त्यांना मऊ भाताशिवाय काही गिळवत नव्हतं, तरी मीठ कमी आहे हे त्यांनी खुणेने सांगितलं. केस गेले तेव्हा मी आणलेला टोप त्यांनी एकदा घातला आणि म्हणाल्या, ‘हा टोचतो. आणि यात मी नाटकातली बाई दिसते.’ टोप कपाटात गेला. नवरा मला म्हणाला, ‘तुझ्या हाताने तू आग लावलीस.’ मी म्हटलं, ‘लागू दे.’ एवढ्या तक्रारी ऐकून माझं डोकं रोज फिरायचं आणि मनातून मी खूश असायचे.

दुसऱ्या फेरीत तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या ‘किंचित’ म्हणाल्या. सिस्टरने वेग कमी केला, सलाइन वाढवलं, जळजळ निवली. मला हे पुरेसं वाटत नव्हतं. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत उशीर झाला तर?

तिसऱ्या फेरीच्या दिवशी शीर सापडायलाच वेळ लागला. आधीच्या शिरा कडक झाल्या होत्या. शेवटी मनगटाच्या वर एक मिळाली. औषध सुरू झालं. खुर्च्यांच्या नेमका वर एसी होता आणि त्याचा गार झोत सगळ्या पेशंटच्या टकलावर येत होता. बाहेर एसीवाला दिसला, म्हणून मी त्याला गाठायला गेले. त्याला मी झोताची दिशा समजावत होते आणि तो मला कंपनीचे नियम. तेवढ्यात आतून कुणी बाई ओरडली.

‘थांबव! अगो, थांबव आधी!’

कुठल्या पेशंटला काय झालं म्हणून मी वळले. तो आवाज माझ्या ओळखीचाच नव्हता. दारातून पाहिलं तर सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या आणि सिस्टरचा हात सिरिंजवरून बाजूला झाला होता.

पुढचं सगळं भराभर झालं. सिस्टरने सलाइन बंद केलं. सुई मात्र लगेच काढली नाही. दुसरी रिकामी सिरिंज लावून आतलं जेवढं मागे ओढता येईल तेवढं ओढलं, मग सुई काढली. तिथे लिंबाएवढी जागा लाल झाली होती, तिच्याभोवती पेनाने कड आखली, गार पिशवी ठेवली आणि डॉक्टरांना बोलावलं. मी त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून उभी होते. सासूबाई मलाच म्हणत होत्या, ‘बस गो तू.’

डॉक्टरांनी हात तपासला. ‘अगदी थेंबभर गेलं असेल. आजी, तुम्ही वेळेवर ओरडलात.’

‘फार दुखलं का?’ मी विचारलं.

‘फार कुठे? नुसतं वेगळं वाटलं,’ त्या म्हणाल्या. मग डॉक्टरांकडे बघून, ‘ती डबी बसवा एकदाची. ही शिरांची शोधाशोध मला पुरे झाली.’

आणखी काही दिवस आम्ही त्या पेनाच्या कडेवर डोळे लावून होतो. लाली आत आत सरकली आणि गेली. कातडी फुटली नाही. उरलेलं औषध आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या पोर्टमधून झाल्या.

त्या तिसऱ्या फेरीच्या संध्याकाळी परत येताना पुलावर गाड्या थांबल्या होत्या. सासूबाईंनी गार पिशवी हातावर धरली होती. एकदम म्हणाल्या, ‘आजची तक्रार राहिली.’

‘आज माफ आहे.’

‘नाही, सांगते. गाठ हाताला लागली ना, त्याच दिवशी मी तुझ्या खोलीपर्यंत आले होते.’

मी त्यांच्याकडे पाहिलं.

‘तू गॅसवाल्याशी फोनवर भांडत होतीस. दार लोटलेलं होतं. उभी राहिले, राहिले, आणि परत फिरले. दहावी-बिहावी सगळं नंतरचं. तू कायम कुणाशी तरी भांडत असतेस, त्यात आमचा नंबर लागत नाही. ही तक्रार.’

मागचा हॉर्न वाजवत होता. मी काच खाली केली नाही. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. गॅसवाल्याशी भांडले त्याची मला आजही खंत नाही, सिलिंडर सगळ्यांच्याच जेवणासाठी हवा होता. तेच मी त्यांना सुनावलं आणि वर म्हटलं, ‘पण आई, दार ढकलायचं होतंत. मी भांडत असले तरी ढकलायचं. फोन हिसकावून घ्यायचा.’

‘हिसकावून?’

‘हो. हातातून.’

पुढची गाडी हलली, मीही गाडी हलवली.

आता उपचार संपून बरेच दिवस झाले. तपासण्या चांगल्या येताहेत. केस आलेत, जावळासारखे मऊ आणि कुरळे. परवा मी आमच्या सोसायटीच्या गळतीच्या ठेकेदाराला फोनवर घेतलं होतं. चांगली रंगात आले होते. तेवढ्यात खोलीचं दार धाडकन उघडलं, सासूबाई आत आल्या, माझ्या कानाला लागलेला फोन त्यांनी ओढून घेतला आणि पलंगावर टाकला.

‘डाव्या काखेत कडक लागतंय. आत्ता लागलं.’

ठेकेदार पलंगावरून ‘हॅलो, मॅडम, हॅलो’ करत राहिला. मी गाडीची किल्ली घेतली. घोडबंदर रोडला लागेपर्यंत त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि समोर कुणीही आडवं घुसलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी बराच वेळ चाचपून पाहिलं, सोनोग्राफी केली, पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, ‘टाक्यांच्या जागची कातडी घट्ट झालीय, आजी. दुसरं काही नाही.’

सासूबाईंनी पदर सारखा केला. चेहरा ओशाळा झाला होता. ‘बघ, उगाच धावायला लावलं तुला.’

‘उगाचच धावायचं, आई,’ मी म्हटलं. ‘आता दर वेळी उगाचच धावायचं.’