सत्तावीस तारखेचा नाताळ

आमच्या घरी नाताळ सत्तावीस तारखेला असे. पंचवीसला सकाळी आम्ही नवे कपडे घालून उपासनेला जात असू आणि घरी येऊन रोजचीच भाकरी-आमटी खात असू. मटण, नव्या तांदळाचा भात, पुरणपोळ्या हे सगळं दोन दिवस थांबे, कारण बाबा घरी नसत. लोणावळ्यात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर ते खानसामा होते. पंचवीसला तिथे दिवसभर पाहुणे आणि रात्री मोठं जेवण. सव्वीसला तेच पाहुणे कुरवंड्यावरून नागफणीच्या डोंगरावर चढायचे आणि बाबा डबे, टोपल्या, चहाची किटली घेऊन त्यांच्यामागे जायचे. सत्तावीसला मडम उशिरा उठे, आणि बाबांना सुट्टी मिळे.

लहानपणी मला यात काही वावगं वाटत नव्हतं. आमच्या शेजारी मटणाचं दुकान होतं. त्या घरची मावशी दर वर्षी आईला विचारायची, मटण कुठल्या दिवसाचं ठेवू. उत्तर ठाऊक असायचं तरी विचारायची.

"आमची ईद चांदावर आसती, तुमची मडमेवर," ती म्हणायची. "आन् चांद तरी कुनाला चाकरीला ठेवत न्हाई."

आई हसायची. हसून झालं की लगेच कामाला उठायची, हे पुढे माझ्या लक्षात आलं.

मी पुण्याला मिशनच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगात राहून शिकत होते. ती जागा मला मडमेच्या शिफारशीनं मिळाली होती आणि हे मला वर्षातून दोनदा तरी कुणीतरी आठवून देई. जानेवारीत शाळा उघडली की मुली एकमेकींना विचारत, नाताळला काय केलंत. मी सत्तावीसचं जेवण पंचवीसला झालं म्हणून सांगायची. मी फार बोलत नसे, त्यामुळे खोटं बोलले तरी कुणाला शंका येत नसे.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती मराठी सातवीपर्यंत शिकली आणि मे महिन्यात तिचं लग्न झालं. दाजी पुण्याला शाळामास्तर. त्यांचे वडील वारले होते. घर चालत होतं ते त्यांच्या आईच्या, म्हणजे आमच्या विहीणबाईंच्या शब्दावर. त्यांचे सासरे नगरकडच्या एका खेड्यातून बाप्तिस्मा घेऊन बाहेर पडलेले पहिले, आणि त्या गोष्टीचा त्यांच्या घरात फार मान होता. ताईचं लग्न ठरलं तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, की मुलगी चांगली आहे, पण बाप चाकरीचा माणूस. ते आईच्या कानावर आलं होतं.

आमच्यात लग्नानंतरचा पहिला नाताळ मुलीच्या माहेरी करतात. जावई येतो, त्याला कापड देतात, आणि मुलीचा बाप प्रार्थना म्हणून जावयाच्या ताटात पहिलं स्वतःच्या हातानं वाढतो. बापाशिवाय हे होत नाही. विहीणबाईंनी कळवलं होतं, की त्याही मुलाबरोबर येतील, पंचवीसला दुपारी जेवतील आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातील. आईला त्या जेवणाचं महत्त्व पुरतं ठाऊक होतं. ते नीट झालं तर ताई त्या घरात मान वर करून वावरणार होती.

डिसेंबरच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा आईनं कार्ल्याहून नवा आंबेमोहर आणून ठेवला होता. फक्त बाबांनी सुट्टी मागायची राहिली होती. तीही पूर्ण दिवसाची नको होती, दुपारचे तीन तास. बाबा रोज सकाळी मागतो म्हणून जात आणि रात्री, मडमेला वेळच नव्हता, असं सांगत. शेवटी ते म्हणाले, तोंडानं मागितलेलं ती विसरते, कागदावर असलेलं बरं. आणि माझ्याकडे पाहिलं.

आईनं मला समोर बसवलं आणि सांगायला लागली. ती सांगत होती ते सोपं होतं. लिही, माझ्या थोरल्या मुलीचा पहिला सण आहे. जावई आणि विहीण येणार. आमच्या रिवाजाप्रमाणे बाप घरी लागतो. पंचवीसला अकरा ते दोन त्यांना घरी पाठवा. अठरा वर्षांच्या चाकरीत एकदाही मागितलेलं नाही, हेही लिही.

मी इंग्रजीत लिहायला घेतलं. आम्हाला शाळेत पत्रलेखनाचा वेगळा तास होता. उपकारकर्त्या बाईंना पत्र लिहिताना आधी आभार, मग त्यांच्या प्रकृतीची चौकशी, मग विनंती, आणि विनंतीसुद्धा अशी की त्यांना नाही म्हणताना संकोच वाटू नये. त्या तासाला मला नेहमी पहिला नंबर असे. मी आईचं अठरा वर्षांचं वाक्य गाळलं. ते तक्रारीसारखं दिसत होतं. रिवाजाबद्दल एक ओळ लिहिली. आणि शेवटी स्वतःच्या मनानं घातलं, की आपली थोडीही गैरसोय होणार असेल तर आम्हाला मुळीच वाईट वाटणार नाही, कारण आमच्या घरी सत्तावीस तारखेलाच नाताळ करण्याची सवय आहे.

आई म्हणाली, वाचून दाखव. मी कागद समोर धरला आणि तिनं सांगितलेलं तिला मराठीत परत म्हणून दाखवलं. अठरा वर्षांसकट. तिनं मान हलवली आणि पाकिटाला स्वतः खळ लावली.

मला शाळेतल्या जागेची भीती होती, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. थोडी होतीही. पण लिहिताना माझ्या मनात दुसरंच होतं. मडमेनं ते पत्र वाचून म्हणावं, की ही मुलगी किती छान लिहिते, एवढंच मला हवं होतं.

ते तिनं म्हटलं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, तेही बाबांच्या नावानं नाही, माझ्या. असं सुंदर पत्र तिच्या भाचीलाही लिहिता येणार नाही, असं त्यात पहिल्यांदा होतं. मग होतं, की पंचवीसला दुपारी चौदा माणसं आहेत, पण तुम्ही इतक्या समजूतदारपणे सत्तावीसचा पर्याय दिलात म्हणून ती निश्चिंत आहे. नवरीसाठी म्हणून ती त्या दिवशी काही खास पाठवील.

मी आईला सांगितलं, जमत नाही म्हणते. आईनं एवढंच विचारलं, की अठरा वर्षांचं वाचूनही? मी हो म्हटलं.

मग पुण्याला कार्ड टाकावं लागलं. तेही मीच लिहिलं. दाजींचं उलट टपाली उत्तर आलं. येतो, पण आमच्या आईनं लिहायला सांगितलं आहे, की नाताळ पुढं ढकलता येतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

सत्तावीसला ती तिघं सकाळच्या गाडीनं आली. ताईनं लग्नातलं लुगडं नेसलं होतं. आईनं मटण चुलीवरून उतरवलं होतं, पोळ्या झाल्या होत्या. विहीणबाई खोलीभर नजर फिरवून बसल्या आणि म्हणाल्या, घर स्वच्छ आहे. ताईनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं, निभावलं.

बाबा साडेअकराला आले. त्यांच्या हातात बंगल्यावर उरलेल्याची झाकलेली टोपली होती. आईनं त्यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात सांगितलं, ते आज झाकलेलंच राहू द्या. दर वर्षी ती टोपली येत असे आणि आम्ही आनंदानं खात असू. आज आईला ती नको होती. बाबांना कळेना. ते म्हणाले, पुण्यात कुणाच्या ताटात पडत नाही अशी चीज आहे, मी स्वतः भाजलीय, आणि जावयाला सोडून कुणाला घालू? त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते खरोखर खूश होते.

प्रार्थना झाली. बाबा छान प्रार्थना म्हणत. मग ते आत गेले आणि आमच्याकडच्या एकुलत्या एका चिनी मातीच्या बशीत टोपलीतली टर्की, साहेब लोक नाताळला भाजतात तो कोंबडीहून मोठा पक्षी, घेऊन आले. एका बाजूनं हाडं दिसत होती. दुसरी बाजू शाबूत, तपकिरी. त्यांनी सुरीनं त्या बाजूचा मोठा काप काढला, बंगल्यावर काढतात तसा, एका झटक्यात, आणि दाजींच्या ताटात ठेवला.

विहीणबाईंनी विचारलं, "ही कधीची?"

बाबा खानसामा होते. अन्न कधीचं, असं विचारलं तर एक तासही लपवायचा नाही, हे त्यांच्या धंद्याचं पहिलं शिस्तीचं कलम. त्यांनी सगळं सांगितलं. पंचवीसच्या रात्री टेबलावर गेली, साहेबानं डाव्या बाजूनं कापली, उजवीला कुणाचा हात लागला नाही. काल नागफणीवर नेली होती, पण तिथे कुणाला भूक नव्हती, म्हणून तशीच परत आली. थंडीत काही होत नाही, ते म्हणाले, मी वास घेऊन पाहिलाय.

विहीणबाईंनी मुलाचं ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं. आवाज चढवला नाही.

"आमच्या सासऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी गावात भाकरी मागायला जायचं सोडलं," त्या म्हणाल्या. "उष्टं घरात येऊ द्यायचं नाही, म्हणून उपाशी राहिले. आज तुम्ही ते माझ्या मुलाच्या ताटात वाढलंत. तेही सणाला."

बाबांच्या हातात सुरी तशीच होती. त्यांनी म्हटलं, उष्टं नाही, ती बाजू कुणी...आणि थांबले.

आई दुसरं ताट घेऊन आली, भात-मटणाचं, तिनं स्वतः केलेलं. दाजी मान खाली घालून जेवले. वाईट माणूस नव्हते ते. विहीणबाईंनी पाण्याला हात लावला नाही. ताई वाढत होती. एकदा तिच्या हातातून वाटी कलली आणि रस्सा चटईवर सांडला, तेव्हा विहीणबाई म्हणाल्या, असू दे, इथे सांडलेलंही परत ताटात येतं. दुपारच्या गाडीनं ती तिघं गेली. बाबांनी पोचवायला जायला चप्पल घातली, पण त्यांना कुणी या म्हटलं नाही.

टर्कीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी पाहिलं नाही.

ताईनं त्या वर्षी काय काय ऐकलं, हे तिनं मला एकदाच सांगितलं, आणि तेही हसत. भाकरी करपली तर, साहेबाकडून मागव. भाजी शिळी निघाली तर, हिच्या माहेरी पाठवा. दाजी काही बोलत नसत. बाजूनंही नाही, विरुद्धही नाही. पुढच्या नोव्हेंबरात तिचं पत्र आलं, की नाताळला पाठवणार नाहीत, या वर्षी नाही आणि पुढेही नाही. आईनं ते दोनदा वाचून घेतलं.

त्याच महिन्यात आई बंगल्यावर पडद्यांचं शिवण द्यायला गेली होती. मडम तिच्याशी मोडकं हिंदुस्तानी बोले. मडमेनं तिला माझं कौतुक सांगितलं. तुमची मुलगी किती समजदार, लिहिलं होतं की आपल्याला तकलीफ असेल तर काही हरकत नाही, आमची सवयच आहे. ते पत्र तिनं आपल्या बहिणीला विलायतेला दाखवायला पाठवलं होतं म्हणे.

मी सुट्टीवर आले त्या दिवशी आईनं मला हात-पाय धुऊ दिले, चहा दिला आणि मग विचारलं, "मी सांगितलं ते लिहिलं होतंस?"

"अदबीनं लिहिलं होतं," मी म्हटलं.

"अदब तुझी. सण तुझ्या ताईचा होता."

बोलता येणार नाही तिथे गप्प बसायची मला सवय आहे आणि लोक त्याला शालीनता म्हणतात. आईनं पुढे काही विचारलं नाही. रागावलीही नाही. फक्त त्यानंतर तिनं माझ्याकडून एकही पत्र लिहून घेतलं नाही, ताईचंही नाही. ती स्टेशनवरच्या पार्सल क्लार्ककडे जाऊ लागली.

डिसेंबरात तिनं त्याच्याकडूनच मडमेला चिठ्ठी लिहून घेतली. बंगल्यावर नेता नेता बाबांनी ती मला दाखवली. दोन ओळी होत्या. माझा नवरा पंचवीस तारखेला अकरा ते दोन घरी पाहिजे, कृपया पाठवावा. आभार नाहीत, प्रकृतीची चौकशी नाही. शाळेत अशा पत्राला मला शून्य मिळालं असतं. मडमेनं ती वाचली आणि बाबांना म्हणाली, जरूर जा, त्यात काय, हे आधी कधी का नाही मागितलंत?

मटण पंचवीसचं ठेवा, असं आई सांगायला गेली तेव्हा शेजारच्या मावशीनं किती, एवढंच विचारलं. आई म्हणाली, अर्धा शेर पुरे.

त्या दिवशी बाबा अकराला घरी आले, रिकाम्या हातांनी. आम्ही तिघं बसलो. बाबांनी प्रार्थना म्हटली, त्यात ताईचं नाव घेतलं आणि दाजींचं घेतलं. मग वाढायला उठले. पहिलं कुणाच्या ताटात वाढायचं ते त्यांना सुचेना. ते भाताचं भांडं घेऊन थोडा वेळ उभे राहिले. आई म्हणाली, वाढा, दोनला परत जायचंय तुम्हाला.