बाटलीतल्या म्हाताऱ्या

आमच्या जालन्याच्या लॅबमध्ये आम्ही पेशी वाढवतो. बाटलीत त्या काही वेळा दुप्पट होतात आणि मग दमतात. किस्से मात्र दमत नाहीत! चहाला चार जण जमलो की एकाचे दोन, दोनाचे चार.

काम थोडक्यात सांगते. बाळंतपणानंतर टाकून दिली जाणारी नाळ आईला विचारून आणायची, तिच्यातल्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी काढायच्या आणि वाढवायच्या. ज्यांच्या पायातल्या रक्तवाहिन्या बंद पडल्यात, त्यांना कधीतरी नव्या देता याव्यात, हे स्वप्न. अडचण एकच, पेशी लवकर म्हाताऱ्या होतात.

आमचे अटेंडंट गवळीमामा शहागडचे. त्यांना शुगर. डाव्या पायाच्या एका बोटाची जखम वर्षभर भरत नव्हती. बाटल्या धुताना मला विचारायचे, "ताई, माझ्या पायापर्यंत कवा येणार हे?" मी म्हणायचे, "वर्षं लागतील, मामा." खोटं बोलवत नसे.

* * *

एकदा आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी म्हाताऱ्या पेशी ओळखायचा रंग टाकला. म्हाताऱ्या तेवढ्या निळ्या झाल्या. मॅडमनी मामांना दाखवलं, "या बघा. मरत नाहीत, वाढत नाहीत, आणि असं काहीतरी सोडतात की शेजारच्या तरण्यासुद्धा म्हाताऱ्या होतात."

मामा पापणी न हलवता म्हणाले, "आमच्या पारावर असे चौघं हायेत!"

* * *

मे महिन्यात वीज गेली आणि इन्व्हर्टरही रुसला. पेशींना शरीराइतकी ऊब सतत लागते. आमची पळापळ चाललेली, आणि मामा शांतपणे म्हणाले, "गच्चीवर ठिवा की म्याडम. जालन्याचा मे हाय, गरमी फुकट!"

मॅडम एवढ्या टेन्शनमध्येही हसल्या.

* * *

मला बघायला अंबडहून पाहुणे आले, तो रविवार. पाचला पेशींचं खाणं बदलायचं होतं. साडेचारलाच मी घड्याळ बघायला लागले, आईनं डोळे वटारले. शेवटी सांगूनच टाकलं, उशीर झाला तर त्या उपाशी राहतील.

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. "जा पोरी. म्हशीच्या धारेची येळ म्याबी कवा चुकवत न्हाई."

लग्न तिथंच जमलं!

* * *

खंडेनवमीला मामांनी हत्यारांची पूजा केली. आमची हत्यारं कोणती? पेशींना ऊब देणारा इन्क्युबेटर! आत प्रत्येक बाटलीवर एकेक झेंडूचं फूल ठेवलं. चौथ्या दिवशी सगळ्या बाटल्यांत बुरशी. तीन महिन्यांचं काम गेलं.

मामा कोपऱ्यात उभे होते, जेवलेही नाहीत. मॅडम त्यांच्याजवळ जाऊन एवढंच म्हणाल्या, "मामा, पुढच्या वर्षी पूजा दाराबाहेरून."

* * *

मग अतिथंड टाकीतली एकच कुपी उरली. आष्टीच्या एका मुलीच्या नाळेतली, दोन वर्षांपूर्वी गोठवलेली. ऊब दिली, आणि दुसऱ्या दिवशी पेशी बाटलीच्या तळाला चिकटून वाढायला लागलेल्या!

"ती पोर्गी आता पळत आसंल," मामा म्हणाले. "अन् ह्या आजून कालच्याच?"

"हो."

मामा हात जोडून उभे राहिले. इतकी वर्षं हे काम करते, पण त्या दिवशी माझ्याही अंगावर काटा आला.

* * *

दिवाळीनंतर डॉक्टरांनी मामांना सांगितलं, बोट काढावं लागेल, नाहीतर पाय जाईल. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मामांचा मॅडमना फोन, "बोट फेकू देऊ नका. त्यात येखादी तरणी पेशी आसंल. मी सही करतो."

रीतसर परवानगी काढून बोट बर्फाच्या डब्यात आलं. शुगरवाल्याच्या पेशी आधीच थकलेल्या, वर जखमेतली घाण. मॅडम म्हणाल्या, "फार आशा ठेवू नकोस." तरी मी पेशी काढून बाटलीत घातल्या. आठवडाभर काहीच दिसेना. दहाव्या दिवशी एका कोपऱ्यात चार-पाच पेशींचं लहानसं बेट दिसलं. दोन दिवसांनी ते मोठं झालं. मी धावत जाऊन मॅडमना बोलावून आणलं.

टाके निघाल्यावर मामा काठी टेकत आले. मॅडमनी स्टूल सरकवलं. मामा मायक्रोस्कोपला डोळा लावून कितीतरी वेळ बसून राहिले. मग आमच्याकडे वळले.

"घरी समदे रडून राह्यलेत, बोट गेलं म्हनून. अन् हे तर हितं वाढून राह्यलंय!"