वरचे काका आणि त्यांचा सनसनाटी कारभार

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या आयुष्यात साधी गोष्ट म्हणून कधी घडलीच नाही. दूध नासलं तरी त्याचं कांड व्हायचं. भोपाळमधली आमची ती कारखान्याची वसाहत. सगळी घरं सारखी, भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं. अशा ठिकाणी बातमी मिळणार कुठून? पण काका सकाळी दूध घेऊन यायचे ते जिन्यातच सुरू व्हायचे, "अरे भई, गजब झालं. बूथवर आज खूनखराबा होता होता राहिला." खोदून विचारलं की कळायचं, रांगेत कोणाच्या तरी चपलेवर कोणाचा तरी पाय पडला होता. भाजीला ते स्कूटर काढून थेट बिट्टन मार्केटला जायचे, कारण त्यांच्या मते वसाहतीतल्या भाजीवाल्याकडे नुसती भाजीच मिळायची. एका जागी टेकणं माहीत नाही. आमच्याकडे चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचे, आणि आई बिचारी बशी घेऊन त्यांच्या मागे.

कारखान्यात ते अनुवादक होते. परदेशी यंत्रांबरोबर येणारे इंग्रजी आणि फ्रेंच कागद हिंदीत उतरवायचे. दिवसभर नटबोल्टांची वर्णनं करून माणूस संध्याकाळी उधळणार नाही तर काय? एकदा बाबा वैतागून म्हणाले, "अहो, किती हा सनसनाटीपणा." झालं. काकांनी आमची शिकवणीच घेतली.

"साहेब, हे तुम्ही इंग्रजीतून रागावताय. इंग्रज 'सेन्सेशनल' म्हणाला की समजायचं, पेपरवाल्याने मीठमसाला लावलाय, भरवसा नको. फ्रेंच माणूस तेच 'सांसास्योनेल' म्हणतो तेव्हा बहुतेक खूश झालेला असतो. जेवण झकास झालं, सांसास्योनेल. नाटक रंगलं, सांसास्योनेल. आणि जुन्या तत्त्वज्ञांचा एक पंथ होता, तो म्हणायचा की माणसाला जे कळतं ते डोळे, कान, नाक, जीभ, कातडी यांच्यातूनच कळतं. इंग्रजीत त्यालाही सेन्सेशनॅलिझमच म्हणतात. पण ते वाचतो कोण?"

"मग तुम्ही यातले कुठले?" बाबांनी विचारलं.

"मी बिलकुल फ्रेंच," म्हणून काका भेंडीची भाजी चाखायला स्वयंपाकघरात शिरले. भेंडी अर्थातच सांसास्योनेल होती. आईने त्या दिवशी त्यांना दुसऱ्यांदा वाढलं, बाबांना नाही.

या भाषणांची हक्काची श्रोती म्हणजे काकू. त्यांची नजर हळूहळू जात शेवटी पार गेली होती. काका कामावरून आले की दिवसभराची हकीकत त्यांना सांगत, आणि वरून काकूंचं हसू आम्हाला खाली ऐकू येई. माझी ताईही रोज दुपारी शाळेत शिकवून आली की तासभर वर जाऊन बसायची. ताई म्हणजे काकांच्या अगदी उलट, मोजकं बोलणारी. तिचं आणि काकूंचं एवढं काय चालतं, ते आम्ही कधी विचारलं नाही.

मग ताईला ग्वाल्हेरचं स्थळ आलं. मुलगा ताईला मनापासून आवडला होता, आणि हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, म्हणजे बघा. आता चौकशी. आपल्याकडे मुलीबद्दल मुलीच्या घरी कोण विचारतं? शेजाऱ्यांकडे विचारतात. बाबांना घामच फुटला. मागे समोरच्या बिल्डिंगमधल्या मुलीसाठी काकांनी सांगितलं होतं की ती गाते तेव्हा कारखान्यातली यंत्रं थांबतात. त्या लोकांना वाटलं हे आपली थट्टा करतायत, आणि ते स्थळ गेलं. म्हणून बाबांनी वर जाऊन हात जोडले. "मुलगी चांगली आहे, एवढंच म्हणा. पुढे एक अक्षर नको." काकांनी मान डोलावली. तेव्हाच मला धडकी भरायला हवी होती.

मुलाचे वडील चौकशीला वर गेले आणि चहा संपायच्या आत खाली उतरले. दोन दिवसांनी निरोप आला, जरा थांबू. आणि कारण काय, तर ऐका. त्या गृहस्थांनी दूधवाल्यापासून चौकीदारापर्यंत सगळ्यांकडून ऐकलं होतं की वरचे काका एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. आणि तो माणूस या मुलीबद्दल तीनच शब्द बोलला, तेही खाली मान घालून. म्हणजे काहीतरी नक्कीच लपवतायत.

आता आली का पंचाईत? आमच्या घरात कोणी जेवेना. ताई पुन्हापुन्हा तोच ओटा पुसत होती. शेवटी बाबा पुन्हा वर गेले आणि म्हणाले, "अहो, बोला आता. काय वाटेल ते बोला." काकांनी स्कूटर काढली. ग्वाल्हेरची मंडळी भोपाळमध्येच, कोटरा सुल्तानाबादला नातेवाइकांकडे उतरली होती. काका दुपारी गेले ते दिवेलागणीला परतले, जिन्यात अक्षर न बोलता थेट वर. आम्ही म्हटलं, संपलं सगळं. दुसऱ्या दिवशी होकार आला.

ते काय बोलले, हे मला साखरपुड्यात जिजाजींनी सांगितलं. मी विचारलं, "कारखान्यातली यंत्रं थांबवली की रेल्वेगाड्या?" ते हसले नाहीत. म्हणाले, "बराच वेळ नुसते फेऱ्या मारत होते. मग माझ्या बाबांना म्हणाले, माझ्या बायकोला दिसत नाही. मी तिला सगळं दसपट करून सांगतो, तिची करमणूक होते. पण खरं काय झालं, ते ती या मुलीला विचारते. माझ्या घरात भरवशाचा माणूस हीच आहे, आणि तीच मी तुम्हाला द्यायला आलोय."

मला तिथेच रडू आलं. ताईची चिंता करण्यात आम्ही सगळे इतके गुंतलो होतो की ती गेल्यावर वर काय होईल, हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं. त्या माणसाला ते ठाऊक होतं, आणि तरी तो स्कूटर काढून गेला होता.

लग्न झालं, वऱ्हाडाची बस गेली. संध्याकाळी मी काकूंना जेवणाचं ताट द्यायला वर गेले. दार उघडंच होतं. काका पहिल्यांदाच खुर्चीत स्वस्थ बसलेले दिसले. काकू त्यांना विचारत होत्या, "काय काय झालं, सांगा ना."

मी दारातच थांबले.

"बस वेळेवर सुटली," ते म्हणाले. "पोरगी रडली नाही. मी रडलो."