सासूबाईंनी घड्याळाचा सेल काढला

मंडळी, सकाळपासून हसतेय, सांगितल्याशिवाय राहवत नाही!

प्रतिकारशक्तीच उलटून नवऱ्याच्या महाधमनीला आणि हृदयाच्या झडपेला सूज आली होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हिवाळ्यात ऑपरेशन करून धातूची झडप बसवली.

सासूबाई काल पुण्याहून इकडे इंग्लंडला, बेसिंगस्टोकला आल्या. आज बघते तर भिंतीवरचं घड्याळ सोफ्यावर!

"अगं, टिकटिकीने जपात लक्ष लागेना. सेल काढला तरी थांबेना!"

शेजारी चहा पीत बसलेल्या नवऱ्याने हसत त्यांचं डोकं छातीशी धरलं. "आई, ही टिकटिक माझ्या झडपेची."

त्या कितीतरी वेळ ऐकत राहिल्या. मी सेल परत बसवायला गेले, तर म्हणाल्या, "राहू दे गं. ते वाजलं की हे नीट ऐकू येत नाही."

तेव्हा आमच्याकडे आलात तर वेळ विचारू नका!