माईंच्या हातातली बरणी

देवरे सरांना मी पहिल्यांदा भेटले ती अंबडच्या त्यांच्या कारखान्यात, आणि खरं सांगायचं तर तिथून तणतणत बाहेर पडले. मला लोणच्याच्या बरण्यांना लेबल लावणारं पूर्ण स्वयंचलित यंत्र हवं होतं. अशी यंत्रं बनवण्यात ज्यांची हयात गेली, त्या सरांनी मला एकही यंत्र दाखवलं नाही. ‘सध्या लेबलं कोण लावतं?’ एवढंच विचारलं.

‘सासूबाई. हल्ली हात थरथरतो. लेबलं वाकडी बसतात, दुकानदार नावं ठेवतात.’

‘मग उद्या त्यांच्याशेजारी बसायला येतो,’ सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इंदिरानगरच्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये सर खरोखरच येऊन बसले. हा उद्योग सासूबाईंनी, म्हणजे सगळ्यांच्या माईंनी, उभा केलेला. यंत्र आलं की त्यांना आराम करायला लावायचं, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. सांगायचं धाडस तेवढं नव्हतं. माईंनी ते कधीच ओळखलं होतं. हातातलं लेबल खाली ठेवून त्यांनी सरांना सरळ विचारलं, ‘मला घरी बसवायचं, असं सुनेनं सांगितलंय का तुम्हाला?’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर शांतपणे म्हणाले, ‘नाही हो माई. लेबल सरळ हवं, एवढंच सांगितलंय. तेवढं करू या.’ माझी लाज राखणारं ते वाक्य मी अजून विसरलेले नाही.

मग सरांनी स्वतः लेबलं लावायला घेतली. ती माईंच्यापेक्षा वाकडी बसली. ‘अहो, बरणीचं तेल पुसा आधी,’ माई त्यांच्यावर डाफरल्या. सर हसले आणि बघत राहिले. माई लेबल लावण्याआधी प्रत्येक बरणी तिरकी करून झाकणाखालून बोट फिरवत. तेल पाझरत असलं की ती बाजूला काढत. इतकी वर्षं मी त्या शेडमध्ये वावरत होते, मला हे दिसलंच नव्हतं.

‘तुम्ही मागताय ते यंत्र गळक्या बरणीलाही सुरेख लेबल लावेल,’ निघताना सर मला म्हणाले. ‘शिवाय तुमच्या बरण्या तीन मापांच्या, काम मोजकं. यंत्राची जुळवाजुळव करण्यातच दिवस जाईल. बरणी माईंच्या हातात राहू द्या, चिकटवायचं तेवढं यंत्राला द्या.’

तसं अर्धस्वयंचलित यंत्र आलं. बरणी ठेवायची, पायानं कळ दाबायची, लेबल गुंडाळलं जातं. आठवड्यात माईंचा पाय सुजला. आम्ही कळवलं नव्हतं, तरी सर चौकशीला आले, पाय पाहिला, आणि दोन दिवसांनी तळहातानं दाबायचं पुरीएवढं बटण बसवून गेले. हात थरथरला तरी ते दाबता येतं.

सर मोठ्या यंत्रांच्या विरोधात आहेत, असं मात्र कुणी समजू नये. चांदवडला माझ्या भावाचा पाण्याच्या बाटल्यांचा धंदा आहे. ‘दिवसभर एकसारखी बाटली. इथं माणसाला बसवून त्याचा जीव काढू नका,’ असं बजावून सरांनी त्याला पूर्ण स्वयंचलित यंत्रच घ्यायला लावलं.

सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले, त्यानिमित्तच हे लिहिते आहे. माई त्यांच्याहून मोठ्या, पण रोज यंत्रापाशी बसतात. सरांना द्यायची लिंबाच्या लोणच्याची बरणी मात्र त्यांनी यंत्रावर ठेवू दिली नाही. लेबल हातानं लावलं, वाकडं बसलं. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, असं लिहून मी हा लेख संपवणार होते. तेवढ्यात त्या बरणीवर तारीख घालायला गेले, तर ‘कधीपर्यंत वापरावे’ या रकान्यापाशी माईंनी माझा हात धरला.

‘तिथं काही लिहू नकोस,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांच्यासाठी ते कोरंच राहू दे.’

बरणी तशीच पाठवते आहे.